ध्रुवाचे अंतर

देवनहळ्ळीला आता फारसे कोणी गाव म्हणून ओळखत नाही. टिपू सुलतानाचा जन्म तेथला, तेथला दगडी कोट अद्याप उभा आहे, तेथल्या पपनसांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे सांगितले की ऐकणारा मान डोलावतो आणि विसरून जातो. २००८ च्या मे महिन्यात बंगळूरचा नवा विमानतळ तेथे सुरू झाला आणि तेव्हापासून देवनहळ्ळी म्हणजे विमानतळ, असेच समीकरण रूढ झाले. एकेकाळी या कोटातून बंगळूरला जायचे तर घोड्यावरून चांगली मजल मारावी लागे. आज तेथून निघालेला माणूस दिवसभरात पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला पोचतो, आणि शहरातल्या आपल्या घरी जायला मात्र त्याला दोन तास लागतात. अंतर ही वस्तू किती विचित्र झाली आहे, हे समजून घ्यायला देवनहळ्ळीइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

११ जानेवारी २०२१ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले एअर इंडियाचे विमान या धावपट्टीवर उतरले. झोया अगरवाल, पापगरी तन्मयी, आकांक्षा सोनवरे आणि शिवानी मन्हास या चार स्त्री वैमानिकांनी ते उत्तर ध्रुवावरून, सुमारे १७ तास उडवत आणले होते. सोनवरे हे आडनाव वाचून कितीतरी मराठी घरांत ते वर्तमानपत्र जपून ठेवले गेले असेल. ध्रुवावरून आल्यामुळे सुमारे १० टन इंधन वाचल्याचेही त्या वेळी सांगितले गेले. कौतुकाच्या त्या वातावरणात या वाक्याकडे कोणाचे विशेष लक्ष गेले नाही. विमान ध्रुवावरून गेले ते ध्रुव पाहण्यासाठी नव्हे. तो त्याचा जवळचा रस्ता होता.

बंगळूरच्या उत्तर भागात, विमानतळाच्या रस्त्यालगतच्या एका सदनिकेत ही बातमी वाचणाऱ्यांत साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक होते. माध्यमिक शाळेत त्यांनी ३४ वर्षे भूगोल शिकवला होता आणि आता ते पत्नीसह मुलाकडे राहायला आले होते. गावाकडे त्यांना सारे मास्तर म्हणत. त्या दिवशी मास्तरांनी नातीला जवळ बोलावले, तिच्या पृथ्वीगोलावर बंगळूर आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन ठिकाणे दाखवली आणि त्यांच्यामध्ये एक दोरी ताणून धरली. नकाशाच्या सपाट कागदावर जो मार्ग अटलांटिकवरून किंवा पॅसिफिकवरून जाईलसे वाटते, तो गोलावर सरळ वरच्या टोकाकडे चढला. “मग त्यांना खाली बर्फ दिसला असेल ना, आजोबा?” नातीने विचारले. “नाही गं,” मास्तर म्हणाले, “जानेवारीत तिथे रात्र असते. सहा महिन्यांची.”

ध्रुवावरच्या त्या रात्रीशी मराठी मनाची ओळख जुनी आहे. वेदांतल्या उषासूक्तांत दीर्घ पहाटेच्या खुणा शोधून आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे असल्याचा सिद्धान्त लोकमान्य टिळकांनी मांडला आणि त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला. तो सिद्धान्त आज विद्वान स्वीकारत नाहीत. परंतु ज्याने हिमाचा समुद्र कधी पाहिला नाही अशा माणसाने क्षितिजाभोवती फिरत राहणाऱ्या, दिवसेंदिवस न सरणाऱ्या पहाटेचा विचार इतक्या निष्ठेने करावा, हे मास्तरांना सदैव अद्भुत वाटत आले होते. वर्गात तो धडा आला की ते खडू खाली ठेवत आणि डोळे मिटून बोलू लागत. ध्रुव हे त्यांच्या लेखी जाण्याचे ठिकाण नव्हतेच.

२०२४ मध्ये मात्र त्यांच्या मुलाने ते जाण्याचे ठिकाण करून ठेवले. आईवडिलांच्या लग्नाला ५० वर्षे होत होती. पुण्यामुंबईच्या प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत अंटार्क्टिका आता युरोपच्या शेजारच्या पानावर छापलेली असते. असेच एक पत्रक मुलाने वडिलांपुढे ठेवले. “बाबा, तुम्ही आयुष्यभर फळ्यावर काढलात तो खंड. एकदा डोळ्यांनी बघून या.” या वाक्यात बडेजाव नव्हता. बापाच्या मनात काय होते ते मुलाने ओळखले होते आणि त्यासाठी पैसे साठवले होते.

मास्तरांनी पत्रक वाचले आणि सवयीप्रमाणे कागद-पेन्सिल घेतली. देवनहळ्ळीहून अर्जेंटिनाची राजधानी सरळ रेषेत सुमारे १५,००० किलोमीटर, जाऊन-येऊन ३०,०००. लांबच्या पल्ल्याच्या विमानाला एका प्रवाशामागे १०० किलोमीटरना ३ ते ४ लिटर इंधन लागते, असे धरले तर एका माणसामागे हजारेक लिटर. एक किलो इंधन जळले की ३ किलोंहून थोडा अधिक कर्बवायू हवेत जातो. म्हणजे माणशी अडीच टनांच्या घरात. एक सामान्य भारतीय माणूस वर्षभरात साऱ्या व्यवहारांतून सुमारे २ टन कर्बवायू सोडतो. त्यापुढचे जहाज या हिशेबात धरलेलेच नव्हते. २०१६ मध्ये नॉट्झ आणि स्ट्रोव्ह या दोन शास्त्रज्ञांनी एक साधे गणित मांडले होते: हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कर्बवायूमागे उत्तर ध्रुवसमुद्रावरचा सप्टेंबरातला ३ चौरस मीटर बर्फ नाहीसा होतो. मास्तरांनी गुणाकार केला. साडेसात चौरस मीटर. नातीच्या अभ्यासाच्या खोलीएवढा बर्फ एका माणसामागे, आणि दोघांमागे दोन खोल्या. दक्षिणेला जाणाऱ्या माणसाच्या खात्यावर उत्तरेकडचा बर्फ लिहिला जातो, कारण हवेला दिशा माहीत नसते.

येथवरचा हिशेब कोणत्याही दूरच्या प्रवासाला लागू पडतो. ध्रुवाकडचे विमान याहून काही वेगळे करते. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत ढगांचा आणि पावसाचा थर सुमारे १६ किलोमीटर उंचीपर्यंत असतो. ध्रुवांवर तो आठ-नऊ किलोमीटरांवरच संपतो. विमाने उडतात ती दहा-अकरा किलोमीटरांवर. म्हणजे देवनहळ्ळीच्या आकाशात जे विमान पावसाच्या थरात असते, तेच ध्रुवावर त्या थराच्या वर, कोरड्या आणि स्थिर हवेत शिरते. तेथे सोडलेली काजळी धुऊन काढायला पाऊस नाही, तिला लवकर खाली आणणारे वारे नाहीत. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की ही विमाने उत्तर ध्रुववृत्ताला वळसा घालून गेली तर जगाचे एकूण विमान-इंधन अगदी किंचित वाढेल, पण ध्रुवप्रदेशावरचा भार मोठ्या प्रमाणात हलका होईल. जवळचा रस्ता इंधन वाचवतो हे खरे, आणि उरलेल्या इंधनाची काजळी तो नेमकी नको तेथे नेऊन टाकतो हेही खरे.

काजळीला बर्फावर एवढे मोल का यावे, हे कळायला उन्हातली काळी छत्री हातात धरावी. ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परत पाठवते. त्यावर कणभर काळे पडले की ते तेवढे ऊन स्वतःत ठेवून घेते. अंटार्क्टिकातल्या पर्यटकांच्या आवडत्या किनाऱ्यांवर आणि संशोधन-तळांभोवती अशी काजळी मोजून २०२२ मध्ये काही शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला, की २०१६ ते २०२० या काळात दर पर्यटकामागे सुमारे ८३ टन हिम लवकर वितळले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी एका हंगामात तेथे जाणारे पर्यटक सात हजारांच्या आत होते. २०२३-२४ च्या हंगामात ते १,२०,००० च्या वर गेले.

ही वाढ केवळ हौसेने झाली नाही. वाट सोपी झाल्याने झाली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून अंटार्क्टिकाला जायचे तर ड्रेक सामुद्रधुनी ओलांडावी लागते. तो खवळलेला समुद्र दोन दिवस माणसाची आतडी पिळून काढतो. ज्यांना तो सोसत नाही त्यांच्यासाठी चिलीच्या पुंता आरेनासहून किंग जॉर्ज बेटावर विमान जाते; दोन तासांत माणूस बर्फावर, आणि जहाज पुढे उभेच. काही विमाने तर उतरतही नाहीत. ऑस्ट्रेलियातून निघून खंडावरून घिरट्या घालायच्या आणि बारा-तेरा तासांनी निघाले त्याच विमानतळावर परत यायचे, अशा फेऱ्या १९७७ मध्ये सुरू झाल्या. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी न्यूझीलंडचे असेच एक प्रेक्षणीय विमान एरेबस पर्वतावर आदळून २५७ माणसे गेली, तेव्हा काही वर्षे हा व्यवहार थंडावला. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातून तो पुन्हा सुरू झाला. उत्तरेकडेही हेच घडते आहे. ग्रीनलंडच्या नूक शहरात नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्या विमानांसाठी नवी धावपट्टी खुली झाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात अमेरिकेहून थेट विमान आले. उत्तर ध्रुवप्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतो आहे, आणि तो विरघळण्यापूर्वी पाहून घ्यावा म्हणून लोक घाई करत आहेत.

या घाईला नावे ठेवणे सोपे आहे. मास्तरांना ते जमेना. त्यांच्या स्वतःच्या मनात ती होती. पांढऱ्या खंडाच्या काठावर एकदा उभे राहावे, ही इच्छा क्षुद्र नाही. माणसाने जगाविषयी जे प्रेम बाळगले त्यातलीच ती एक आहे. बर्फ पाहून आलेला माणूस बर्फाचा कैवारी होतो, असेही म्हणतात, आणि काही जण होतही असतील. शास्त्रज्ञही तेथे जातात. डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली, आणि आजही वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून मैत्री आणि भारती या तळांकडे माणसे जातात. त्यांची विमानेही धूरच सोडतात. पण हिमाच्या पोटातली हजारो वर्षांची हवा मोजून आपल्याला सावध केले ते अशाच माणसांनी. पर्यटक छायाचित्र आणतो. दोन्ही ओझी एका तराजूत घालता येत नाहीत.

मास्तरांच्या पत्नीने हे सारे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. “अहो, आपण नाही गेलो तर विमान थांबणार आहे का?”

थांबणार नव्हते. त्या दोन जागांवर दुसरे कोणीतरी बसले असते. एका माणसाच्या संयमाने ध्रुवाचा बर्फ वाचत नाही, हे त्या प्रश्नातले सत्य मास्तरांना नाकारता आले नाही. हे काम एकट्या माणसाच्या विवेकावर सोपवून चालणारेच नाही. पण आजवर ते कोणावरच सोपवलेले नव्हते. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने त्या खंडावरून सैन्ये हटवली आणि १९९१ च्या माद्रिद मसुद्याने तेथल्या खाणकामाला बंदी केली. पर्यटकांच्या एकूण संख्येला मात्र कोणी मर्यादा घातली नाही. देशोदेशींच्या आकाशांतून जाणाऱ्या विमानांचा धूर कोणत्याही एका देशाच्या एकूण बेरजेत धरला जात नाही. तो बाजूला, वेगळा लिहिला जातो. भारताने २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला, आणि मे २०२४ मध्ये कोचीला भरलेल्या करार-राष्ट्रांच्या ४६ व्या बैठकीत पर्यटनाच्या नियमनाची चौकट आखण्यासाठी प्रथमच वेगळा कार्यगट बसला. तेथे निर्णय सर्वसंमतीने होतात, म्हणून सावकाश होतात.

मराठीत किल्ल्याला दुर्ग म्हणतात, कारण तेथे जाणे कठीण असते. जाणे कठीण असणे हीच त्याची तटबंदी. ध्रुवांचे रक्षण आजवर कायद्याने थोडे आणि अंतराने पुष्कळ केले. थंडी, काळोख, ड्रेकचा समुद्र आणि माणसाच्या खिशातले मोजके पैसे, या चार बुरुजांच्या आड तो बर्फ निवांत होता. बुरुज एकेक करून ढासळले ते शत्रूच्या तोफांनी नव्हे, त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या सोयीने. आता अंतराने केलेले काम माणसाला जाणूनबुजून करावे लागेल: किती जणांनी जावे, कशाने जावे, आणि कोणत्या वाटेवर विमान नेऊच नये, हे ठरवावे लागेल. नाही म्हणणे हे भूगोलाचे काम होते. ते आता माणसावर आले आहे.

मास्तरांनी मुलाला नको म्हणून सांगितले. कारण सांगताना त्यांनी आकडे पुढे केले नाहीत, कारण आकड्यांनी मुलाच्या देण्याचा अपमान झाला असता. “पाहायचं खूप मनात आहे, म्हणूनच नको,” एवढेच ते म्हणाले. मुलाला ते पटले नाही. काही दिवस तो वडिलांशी तुटक बोलत राहिला आणि आईने पेंग्विनची चित्रे असलेले ते पत्रक टाकून न देता कपाटात ठेवले. पन्नासाव्या वाढदिवसाला घरी पुरणपोळी झाली. सोलापूरहून आणि साताऱ्याहून नातेवाईक रेल्वेने आले आणि रात्री उशिरापर्यंत बसले. डोक्यावरून दर काही मिनिटांनी देवनहळ्ळीकडे उतरणारी विमाने जात होती, आणि त्यांच्या आवाजासाठी बोलणे जरा थांबवून माणसे पुन्हा बोलू लागत होती.