स्टॉक कंडिशन

माझी जपानी स्पोर्ट्स कार म्हणजे २००२ ची होंडा सिटी व्हीटेक. हसू नका. गेममध्ये ज्या सुप्रा आणि स्कायलाइन पळवत आपण मोठे झालो, त्या इथे कधी शोरूममध्ये लागल्याच नाहीत, आणि तीन वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणायला नियम आडवे येतात. म्हणून लालबागच्या पोरांनी काकालोक ऑफिसला न्यायचे तीच सिडान उचलली. दीड लिटरचं इंजिन, १०६ अश्वशक्ती.

व्हीटेक होंडानं १९८९ मध्ये इंटेग्रात आणलं. एकाच कॅमशाफ्टवर दोन स्वभावांचे कॅम. आरपीएम वर गेला की उंच कॅम कामाला लागतो, व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडतात, आवाजच बदलतो. आमच्या भाषेत इफ-एल्स, फक्त ऑइलच्या दाबावर चालणारं.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. परळच्या भाड्याच्या घराला पार्किंग नाही. पूर्वी गणपतीत रस्ते बंद झाले की दहा दिवस गाडी दादरला मावशीच्या बिल्डिंगखाली जायची. आई म्हणायची, माहेरपणाला गेली. कायमचं माहेर कोण देणार?

विकायची तर आधी ‘स्टॉक’ करा, म्हणजे कंपनीतून आली तशी, असं प्रत्येक गिऱ्हाईक सांगे. बरोबरच होतं. मूळ रचना बदललेली गाडी नोंदवता येणार नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्येच सांगितलंय. ब्रेक तेच ठेवून नुसती ताकद वाढवलेल्या गाड्या मीही पाहिल्यात, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं.

कोडमध्ये रिव्हर्ट एका कमांडचं काम. इथे तीन रविवार गेले. गंजलेले नट, सोललेली बोटं. एक्झॉस्ट उतरवला, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा काढल्या. मूळ एअरबॉक्स आईनं गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता, तो घर बदलताना सापडला. मफलर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना आणला. शेवटी चावी फिरवली तर गाडी इतकी हळू बोलली, की मी बॉनेट उघडून पाहिलं.

घेणारे साठीचे गृहस्थ. लालबागच्या पुलावर चाळीसनं, चौथ्या गिअरमध्ये. व्हीटेकपर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता. ‘ॲव्हरेज?’ ‘शहरात दहा-अकरा.’ फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या. मग त्यांचं बोट डॅशबोर्डच्या कडेच्या दोन भोकांवर थांबलं.

‘इथे काय होतं?’

‘ऑइल प्रेशरचा मीटर.’

‘चालू आहे?’

‘हो.’

‘मग काढलात कशाला? तोही द्या.’

मीटर माझ्या बॅगेत होता.