दोन खणांमधली रेघ

स्प्रेडशीटच्या तीन-चार सेलमधला मजकूर एका सेलमध्ये आणायचा तर तो जोडावा लागतो, मर्ज करून चालत नाही. हा फरक बहुतेक जण एकदा माहिती गमावून शिकतात. तीन सेल निवडून ‘मर्ज’ दाबले की एक्सेल सर्वांत वरच्या डाव्या सेलमधले तेवढे ठेवते आणि बाकीचे पुसून टाकते. तसा इशारा आधी येतो, पण घाईत तो कोण वाचतो? जोडणी सूत्राने होते. बरोबरचे चिन्ह, पहिल्या सेलचा पत्ता, मग ‘&’, मग दुसऱ्या सेलचा पत्ता. मूळचे खण जागेवर राहतात आणि जोडलेला मजकूर नव्या खणात दिसतो.

१९७९ साली अ‍ॅपल संगणकावर आलेले व्हिसिकॅल्क हे पहिले गाजलेले स्प्रेडशीट आकडेमोडीसाठी होते. अक्षरांचे काम मथळ्यापुरते. मीरा-भाईंदरच्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेत आज नेमके उलटे दिसते. बेरजा थोड्या आणि नावेपत्तेच फार. सभासदांच्या याद्या, सर्वसाधारण सभेच्या नोटिसा, पाकिटांवरची लेबले, मेंटेनन्सची बिले या सगळ्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा जोडावे लागते. (ज्याला हे जमते तो सहसा आजन्म सेक्रेटरी राहतो.)

मराठी नाव जणू तीन सेलसाठीच घडले आहे: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. त्याच्या आधी मात्र आणखी एक छोटा खण असतो आणि माणसाचे आयुष्य खरे तर त्या खणात बदलत जाते. बारशाच्या निमंत्रणावर ‘चि.’ किंवा ‘कु.’, पुढे ‘श्री.’, लग्नानंतर ‘सौ.’, नवरा गेल्यावर ‘श्रीमती’, आणि शेवटी सर्वांना सारखेच ‘कै.’ लग्नात मुलीच्या नावाचे मधले आणि शेवटचे खणही बदलण्याची रीत होती. आता अनेक जणी ते बदलत नाहीत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, भागपत्रावर दुसरे आणि आधारवर तिसरेच, अशी स्थिती होते ती यामुळे. सूत्र जिवंत असेल तर एका खणातला बदल जोडलेल्या नावात आपोआप उतरतो. जोडलेले नाव ‘व्हॅल्यू’ म्हणून चिकटवले असेल तर ते त्या दिवशी गोठते. आणि सूत्र जिवंत असताना मूळ कॉलम कोणी उडवले, तर नावाच्या जागी चूक दाखवणारे ‘#’चे चिन्ह येते.

१ मे २०२४ पासून या रचनेत चौथा खण आला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहावीत, असे महाराष्ट्र शासनाने ठरवले. म्हणजे एकाच कुटुंबात मोठ्या मुलाचे नाव तीन खणांचे आणि धाकट्याचे चार खणांचे. ‘&’ने जोडलेल्या यादीत थोरल्याच्या नावात आईच्या रिकाम्या खणापाशी दोन जागा सुटतात. डोळ्याला त्या जाणवत नाहीत, पण संगणकाला ते वेगळे नाव वाटते आणि शोधताना सापडत नाही. एक्सेल २०१९ मधले ‘टेक्स्टजॉइन’ याच दुखण्यावरचे औषध आहे. मध्ये काय घालायचे ते एकदाच सांगायचे, रिकामे खण वगळायला सांगायचे आणि सगळी ओळ एका दमात जोडून घ्यायची.

मध्ये काय घालायचे, यातच सगळी गोम आहे. विंग सी, इमारत ४, खोली १२ हे नुसते चिकटवले तर ‘सी४१२’ होते. इमारत ४१, खोली २ जोडली तरी ‘सी४१२’च. पोस्टमनने कोणत्या जिन्याने चढायचे? मध्ये रेघ किंवा तिरकी काडी असेल तर प्रश्न उरत नाही. रेघेचाही एक खोडसाळपणा आहे. इमारत ३ मधली खोली १२ कोणी ‘३-१२’ अशी टाइप केली, की एक्सेलला ती ३ डिसेंबर वाटते. खणात तारीख दिसते आणि जोडल्यावर, नोंद २०२४ साली केलेली असेल तर, पत्त्यात ४५६२९ हा आकडा उमटतो, कारण एक्सेल तारखा १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांच्या क्रमांकाने साठवते. कॉलम आधीच ‘टेक्स्ट’ केला असता तर हे टळले असते. ठाणे जिल्ह्यात असूनही मीरा-भाईंदरला मुंबईचा ०२२ हा दूरध्वनी कोड आहे. त्यातले पहिले शून्यही असेच गळून पडते.

रेघेशिवाय जोडणी कधी चालते, याचे उत्तम उदाहरण पत्त्याच्या शेवटीच असते. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला पिनकोड टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून आला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरण जिल्ह्याचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. प्रत्येक भागाची लांबी ठरलेली असल्यामुळे मध्ये काही घालावे लागत नाही. दहिसरचा ४०००६८ मागे पडून मीरा रोडचा ४०११०७ आला, की तिसऱ्याच आकड्यावर मुंबई संपल्याचे कळते.

मीरा-भाईंदर हे शहराचे नावही जोडलेलेच आहे. वेगवेगळ्या ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ ला नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ ला महानगरपालिका. नावात दोनच गावे आली. घोडबंदर आणि नवघर बाहेर राहिले. १ ऑक्टोबर २०२० ला पोलीस आयुक्तालय झाले, तेव्हा मीरा-भाईंदर, वसई-विरार अशी चार नावे एका पाटीवर बसवावी लागली. जोडीत रेघ आणि दोन जोड्यांमध्ये स्वल्पविराम, अशी दोन पातळ्यांची जोडणी. सूत्रातही ती अशीच दोन टप्प्यांत करतात. ‘मीरा’ की ‘मिरा’, हे मात्र पाट्यांमध्ये अजून ठरलेले नाही, आणि एका यादीत दोन्ही असतील तर जोडणी कितीही नेटकी केली तरी जुळणी फसते.

जुन्या याद्यांत आणखी एक विघ्न येते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फाँटांत टाइप होई. त्यातला खण आणि युनिकोडमधला खण जोडला, की अर्धे नाव वाचता येते आणि उरलेले अर्धे इंग्रजी अक्षरांचा चिवडा होते. असा मजकूर आधी रूपांतरित करूनच जोडावा लागतो.

जोडलेले पुन्हा सोडवण्याची सोयही आहे: ‘टेक्स्ट टू कॉलम्स’. मोकळी जागा दिसेल तिथे ते कापते आणि ‘मीरा रोड पूर्व’चे तीन तुकडे तीन कॉलमांत टाकते, त्यामागचा पिनकोड सरकून भलत्याच मथळ्याखाली जातो. म्हणून संस्थेच्या ‘जे’ नमुन्यातल्या यादीची संगणकावरची प्रत सुट्या खणांतच ठेवावी आणि जोडलेले नाव फक्त छपाईसाठी उजवीकडच्या शेवटच्या कॉलममध्ये असावे. सभासद गेल्यावर त्याच्या ओळीत पहिल्या खणातले ‘श्री.’ जाऊन ‘कै.’ येते, पण ओळ लगेच काढता येत नाही. भागांचे हस्तांतर वारसाच्या नावे होईपर्यंत मेंटेनन्सचे बिल त्याच नावाने छापले जात राहते.