बेप्पूची वाफ आणि अम्मींचे गुडघे

बेप्पू स्टेशनाबाहेर पडताच दोन्ही हात उंचावलेला एक हसरा पुतळा आपले स्वागत करतो. हे आबुराया कुमाहाची (१८६३–१९३५). जपानच्या क्यूशू बेटावरील या गावाचे नाव पर्यटकांच्या तोंडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा.

माझा मुलगा इथल्या विद्यापीठात शिकतो. त्याला भेटायला निघालो तेव्हा सासूबाईही तयार झाल्या. दापोलीकडच्या उन्हवऱ्याचे गरम पाणी त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. "तिथं उन्हाळं आहे ना? मग माझे गुडघे शेकून येते," म्हणाल्या.

बेप्पूत एक-दोन नव्हे, दोन हजारांहून अधिक गरम झरे आहेत. कन्नावा भागात तर गटारांच्या जाळ्यांतून आणि घरांमागच्या नळ्यांतून सारखी वाफ निघत असते. 'उमी जिगोकू' म्हणजे सागर-नरक. त्या तळ्याचे पाणी निळेशार, पण तापमान ९८ अंश! ते फक्त पाहायचे.

अंघोळीच्या जागेला जपानी लोक 'ओनसेन' म्हणतात. स्त्री-पुरुषांचे विभाग वेगळे. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, मगच सामाईक हौदात उतरायचे. अम्मींना हे फार आवडले. पण हौदात कपडे चालत नाहीत, पोहण्याचा पोशाखही नाही, हे कळताच त्या दारातूनच मागे फिरल्या. बायकांसमोरसुद्धा सतर सांभाळायची त्यांची आयुष्यभराची सवय.

इतक्या दूर येऊन त्या तशाच परतणार, याचे मला वाईट वाटले. मी म्हटले, "अम्मी, इथं आपल्याला कोण ओळखतं?"

"ओळखणारा इथंही आहे, बेटा," त्या शांतपणे म्हणाल्या. मी ओशाळले.

मार्ग मुलाने काढला. कुटुंबासाठी तासाच्या भाड्याने बंद खोलीतले स्नानगृहही मिळते, हे त्याला ठाऊक होते. अम्मी आत गेल्या, कडी लावली. मी बाहेर बसून दर पाच मिनिटांनी हाक मारत होते, कारण म्हाताऱ्या माणसाला कढत पाण्यात घेरी येऊ शकते. पंधरा मिनिटांनी त्या बाहेर आल्या. चेहरा लालबुंद, ओठांवर अल्हम्दुलिल्लाह. गुडघे बरे झाले असे मी म्हणणार नाही, पण त्या संध्याकाळी चढावर त्यांनी माझा हात धरला नाही.

जेवणाचीही चिंता अशीच मिटली. कन्नावात जमिनीतल्या वाफेवर अन्न शिजवायची जुनी पद्धत आहे, 'जिगोकु-मुशी'. चुली भाड्याने मिळतात, सामान आपण न्यायचे. आम्ही अंडी, रताळी, कोबी आणि मासे नेले. टोपल्या आत ठेवल्या, झाकण लावले, घड्याळ लावले. ना तेल, ना मसाला. हलालची शंकाही नाही, कारण सारे स्वतः निवडलेले.

रताळे सोलत अम्मी म्हणाल्या, "त्यांनी त्यांची रीत सोडली नाही, आपण आपली. तरी पाणी दोघांना मिळालंच ना?"

तुम्ही कधी गेलात तर घरच्या वडीलधाऱ्यांना जरूर न्या. फक्त बंद खोलीची चौकशी आधीच करून ठेवा.