कुर्ल्याच्या पाटीवरचे वळण

१/ ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातील पहिली विजेची गाडी धावली. त्या गाडीची नोंद इतिहासात आहे. स्थानकांची नावे पाट्यांवर रंगवणाऱ्या हातांची नोंद मात्र सहसा सापडत नाही. तरीही त्या हातांचे वळण एका टंकात उतरले आहे. त्याचे नाव ‘यात्रा वन’.

२/ स्थानकाची पाटी धावत्या गाडीतून, गर्दीतून, क्षणभरात वाचली जावी लागते. ‘कुर्ला’ हा शब्द छोटासा, पण त्यात उकार अक्षराखाली उतरतो आणि रफार शिरोरेषेच्या वर चढतो. ही सारी जागा पेंटर चपट्या ब्रशने, नजरेच्या अंदाजाने सांभाळत असे.

३/ देवनागरीचे जाड-बारीकपण बोरूच्या तिरक्या कापातून आले. रोमन लेखणीचा तिरकेपणा नेमका उलट्या दिशेचा. म्हणून रोमन लिपीतील मोठ्या ‘ए’ची डावी तिरकी रेघ बारीक आणि उजवी जाड असते. तेच अक्षर देवनागरीच्या कोनाने लिहिले, तर डावी रेघ जाड होते आणि उजवी बारीक.

४/ जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने (स्थापना १८६९) बोरूचे हे सौष्ठव शिशाच्या खिळ्यांत आणले. पुढे टंकलेखनयंत्र आले. ते मुळात रोमन लिपीसाठी घडलेले. त्याच्या मोजक्या कळांत मावण्यासाठी देवनागरीला आपली जोडाक्षरे मोडावी लागली. दोन लिपी शेजारी आल्या, की जुळवून घेण्याची पाळी बहुधा देवनागरीवरच येई.

५/ ‘यात्रा वन’मध्ये हा क्रम उलटला. कॅथरीन ली श्मिट यांनी मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून हा टंक घडवला आणि त्यातील रोमन अक्षरांनाही देवनागरीच्या चपट्या ब्रशचा कोन दिला. येथे रोमन लिपी देवनागरीच्या वळणाने चालते.

६/ हा टंक शीर्षकांसाठी, पाट्यांसाठी, मोठ्या आकारासाठी आहे. पानभर मजकुरासाठी नव्हे. तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्याने कोणालाही विनामूल्य वापरता येतो.

७/ मात्र टंकातला ‘कु’ प्रत्येक वेळी तोच उमटतो. पेंटरचा ‘कु’ पाटीच्या लांबीप्रमाणे पसरे, आखडे. एका फलाटावरचा दुसऱ्यासारखा तंतोतंत नसे. ती लवचीकता टंकात पूर्णपणे येत नाही. जे उरले, तो ब्रश धरण्याचा कोन. पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेला हा कोन पाटीवर सही न करणाऱ्या माणसांनी जपला. म्हणून एखादी जुनी रंगवलेली पाटी दिसली, तर तिचे छायाचित्र जरूर घ्यावे. लिपीच्या इतिहासाचा तो अस्सल दस्तऐवज आहे.