नोंदवही

ताप उतरलाय, अशक्तपणा आहे. वसईतल्या पावसाळी दुपारी पडून असताना संत पीटर तो रोट मनातून हलत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या राकुनाई गावचा धर्मशिक्षक; बायको-पोरांचा संसारी माणूस. दुसऱ्या महायुद्धात तिथे आलेल्या जपान्यांनी फादरांना कैद केल्यावर बाप्तिस्मे, लग्नं, मरणाऱ्यांजवळची प्रार्थना, सगळं त्याच्यावर आलं. नोंदीही तोच ठेवायचा. ती वही सारखी डोळ्यांपुढे येते: दमट पान, त्यावर कुणा बाळाचं नाव, आणि लिहिताना बाहेरच्या पावलांकडे लागलेले कान. जपान्यांनी बहुपत्नीत्वाला मोकळीक दिली, त्याने उघड विरोध केला. १९४५ मध्ये कैदेतच विषारी इंजेक्शन देऊन त्याला मारलं.

मी रविवारी पंख्याखाली निर्धास्त धर्मशिक्षण देते. तशी वेळ आली तर माझी श्रद्धा तगेल का? मुलांनी विचारलं तर काय सांगावं, अजून ठरत नाहीये.