चाप ओढल्यानंतर

चकमकीच्या ठासणी बंदुकीत चाप ओढला की लगेच बार होत नाही. आधी घोडा झेपावतो. त्याच्या जबड्यात चामड्यात आवळलेली गार समोरच्या पोलादी पट्टीवर खरवडत जाते, पोलादाची बारीक साल निघते आणि ती सालच हवेत पेट घेते. ठिणग्या दगडाच्या नसतात, पोलादाच्या असतात. त्या खालच्या इवल्या वाटीतल्या रंजकेवर पडतात, रंजक भडकते, तिची आच नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत शिरते, आणि मग कुठे आतली दारू उडते. घड्याळाच्या हिशेबाने हे सारं सेकंदाच्या लहानशा अंशात आटपतं. पण दस्ता गालाला लावून उभ्या असलेल्या माणसाला तो अंश चांगला ऐसपैस वाटतो. डोळ्यापासून वीतभर अंतरावर जाळ उठलेला असतो आणि गोळी अजून नळीतच असते. अंग म्हणतं, मान फिरव, डोळे मीट. त्या क्षणी न हलणं, लक्ष्यावरची नजर न काढणं, हीच या नेमबाजीतली सगळी विद्या. नेम चाप ओढेपर्यंत धरायचा नसतो, चाप ओढल्यानंतरही धरून ठेवायचा असतो.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि माझ्या रायफलचा घाट मुळात इथलाच. अठराव्या शतकात लँकेस्टर परगण्यात स्थिरावलेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी आपल्या मायदेशची आखूड, जाड रायफल इथल्या रानांसाठी लांब आणि सडपातळ केली. नळी साडेतीन फुटांची, कधी त्याहूनही लांब. दस्ता वाघाच्या अंगासारखे पट्टे असलेल्या मेपलचा. गोळीही लहान केली, म्हणजे शेरभर शिशात जास्त बार निघावेत. 1974 पासून या राज्यात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो. त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. मी शिकार करत नाही, मला कागदाचं लक्ष्य पुरतं. पण त्या हंगामामुळे इथे गारगोट्या, शिशाच्या गोळ्या आणि या कामातली जाणती म्हातारी माणसं अजून भेटतात, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

माझ्या हातातली मात्र इटलीतून आली. ब्रेशा शहराच्या वरच्या अंगाला गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया नावाचं खोऱ्यातलं गाव आहे. तिथे सोळाव्या शतकापासून बंदुकीच्या नळ्या घडतात. 1950 च्या दशकाच्या अखेरीस उबर्तीसारख्या तिथल्या कारखान्यांनी जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती करायला घेतल्या. पुढे अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी आली आणि मागणी वाढली. प्रतिकृती म्हणजे नक्कल, म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला ते पटत नाही. अस्सल जुन्या नळीचं लोखंड मऊ, आतून खड्डे पडलेलं. तिच्यात दारू भरणं म्हणजे ती बंदूकही धोक्यात आणि आपलं तोंडही. तिने संग्रहालयात विसावा घ्यावा. तिचं वजन, तिचा धक्का, तिचा धूर काचेबाहेरून कळत नाही. ते कळवायचं काम ही नवी पोलादी नळी करते, आणि तिच्यावर ठसठशीत कोरलेलं असतं: फक्त काळी दारू.

ही काळी दारू म्हणजे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. शेकडो वर्षांत हे प्रमाण फारसं हललेलं नाही. बाजारात तिचे सुधारित पर्याय मिळतात, पण ते पेटायला जास्त आच मागतात. चकमकीच्या ठिणगीला सहसा दाद देत नाहीत. म्हणून आम्ही जुनीलाच धरून आहोत.

ती कशी बनत असे ते पाहायचं असेल तर डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनजवळ ब्रँडीवाइन नदीकाठी जावं. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या हाताखाली दारूचं शास्त्र शिकलेल्या ड्यू पाँ यांनी 1802 मध्ये तिथे गिरण्या उभारल्या. आता तिथे हॅग्ली संग्रहालय आहे. प्रत्येक गिरणीच्या तीन भिंती जाडजूड दगडी आणि नदीकडची चौथी मुद्दाम हलकी, लाकडी. स्फोट व्हायचाच हे धरून बांधलेली इमारत. उडाली तर नदीकडे उडावी, शेजारची गिरणी वाचावी. शतकभरात तिथे दोनशेहून अधिक माणसं गेली. कोळशासाठी विलोची झाडं नदीकाठी वाढवत, पण सोरा यायचा आपल्याकडून. बिहारमधले नोनिया लोक गावठाणाची खारी माती धुऊन, आटवून तो काढत, आणि कलकत्त्याहून तो जगभर जाई. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा त्याच घराण्यातले लामो ड्यू पाँ लंडनला जाऊन हाती लागेल तेवढा सोरा विकत घेऊन बसले. इंग्लंडशी बिनसल्यावर तो माल बंदरात अडकला आणि तंटा मिटल्यावरच सुटला. ती चौथी भिंत पाहिल्यापासून मी मापात दारू ओततो तेव्हा हात आपोआप सावकाश होतो.

भरण्याची रीत ठरलेली आहे. शिंगातून दारू आधी मापात आणि मापातून नळीत. शिंग थेट नळीला कधीच लावायचं नाही, कारण आत मागच्या बाराची एखादी ठिणगी धुमसत असू शकते. मग मेण आणि चरबी लावलेली सुती चिंधी, तिच्यावर शिशाची गोळी, आणि गजाने एकसारखं ठासत दारूवर टेकेपर्यंत आत. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते, म्हणून गजावर खूण केलेली असते. बार झाल्यावर ती चिंधी काही पावलांवर पडलेली सापडते आणि ती वाचता येते. मध्यभागी काळा गोल डाग, कडा फक्त विस्कटलेल्या, तर सगळं ठीक. भोक जळलं असेल तर चिंधी पातळ होती किंवा चरबी कमी पडली. लक्ष्यापेक्षा मी चिंध्या जास्त बारकाईने पाहतो.

आणि मग धुणं. काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही, घनच राहतो. धूर म्हणून दिसतो तोही आणि नळीत काजळीसारखा बसतो तोही. तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि लोखंड एका रात्रीत गंजायला लागतं. आधुनिक तेल इथे कामाचं नाही, साधं पाणी लागतं, कारण हे क्षार पाण्यात विरघळतात. मी घोड्याचं यंत्र सोडवतो, कानात लाकडी काडी खोचतो, नळीत कोमट साबणपाणी भरतो. बाहेर येतं ते शाईसारखं काळं आणि कुजक्या अंड्यांचा वास मारणारं. पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं, मग गजावर चिंध्या: काळी, करडी, मळकट, आणि शेवटी पांढरी. नळी कोरडी झाली की तेलाचा हलका हात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी. तिच्यावर तांबूस छटा आली तर आदल्या दिवशीचं काम पुरं झालेलं नाही. या तासाभरात मला रेंजवरच्या अख्ख्या सकाळीइतका आनंद मिळतो. कारागिराने वळवून कापलेल्या आतल्या खाचा बोटांना कळतात त्या इथेच.

आपल्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत, आणि काही घरांत पणज्याची एखादी भिंतीवर टांगलेली असते. ती भरलेलीच आहे असं समजा. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. जाणकाराकडून आत गज घालून खोली मोजून घ्या, आणि ती उडवायचा मोह धरू नका. आणि परदेशात कुणाला नव्या प्रतिकृतीची हौस करायची असेल, तर जरूर करा. फक्त ज्या दिवशी संध्याकाळी धुवायला वेळ नसेल, त्या दिवशी ती बाहेर काढू नका.