नाक वाहतं, उमेदवार पळतो

प्रिय ताई,


तुझ्या आठवीच्या मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘रन’ म्हणजे धावणे, तर ‘माय नोज इज रनिंग’ म्हणणाऱ्याचं नाक धावतं कुठे?

या क्रियापदाने कोशकारांचाही घाम काढलाय. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे ‘रन’ची नोंद नव्याने लिहायला संपादक पीटर गिलिव्हर नऊ महिने खपले. २०११पर्यंत नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले आणि ‘सेट’ मागे पडला.

मुलांना सांग, नाक धावत नाही, वाहतं. जुन्या इंग्रजीतही हे क्रियापद माणसाच्या पळण्याला चालायचं, तसंच पाण्याच्या वाहण्यालाही. म्हणून नदी ‘रन’ होते आणि नळही. ‘रन अ बाथ’ म्हणजे नळ सोडून टब भरायला लावणं. त्यात कुणी पळत नाही. धुताना नव्या शर्टाचा रंग जातो, तेही ‘रन’च.

मग यंत्रं आली. गिरणी, आगगाडी, इंजिन, सगळ्यांना हाच शब्द लागला. दुकान, शाळा, कंपनी चालवणंही त्यातच आलं आणि आता संगणकावरचा प्रोग्रामसुद्धा. इथे आपलं ‘चालणे’, ‘चालवणे’ चपखल बसतं, ‘धावणे’ नाही.

मला सगळ्यांत आवडतं ते निवडणुकीचं उदाहरण. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. एकच निवडणूक, पण एक पळतो आणि दुसरा उभा राहतो! आपणही निवडणुकीला उभेच राहतो, त्यामुळे ब्रिटिश प्रयोग मुलांना लगेच पटेल.

खरी गफलत जोडशब्दांत होते. क्रिकेटमुळे ‘रनआउट’ पोरांच्या तोंडात बसलेला असतो. म्हणून ‘वुई रॅन आउट ऑफ मिल्क’ ऐकलं की ती बुचकळ्यात पडतात. अर्थ एवढाच, की घरातलं दूध संपलं. ‘रॅन इन्टु’चंही तसंच: पुढे मित्र असेल तर अचानक गाठ पडली, गाडी आणि भिंत असेल तर धडक बसली.

म्हणून फळ्यावर ‘रन = धावणे’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. नाक, नळ, कंपनी, उमेदवार, दूध यांची एकेक अख्खी वाक्यं लिही आणि मराठीत आपण काय म्हणतो ते मुलांनाच विचार. त्यांची उत्तरं मला जरूर कळव.

तुझा धाकटा भाऊ